कर्जाबरोबर गळ्यात मारलेला विमा: कागद हरवले असले तरी पैसे परत कसे मागायचे

पर्सनल लोन, गृहकर्ज, गाडीचं कर्ज, सोनेतारण. यांतलं काहीही घेतलं असेल तर "सर, यासोबत एक छोटा इन्शुरन्स असतो, तो कम्पल्सरी आहे" हे वाक्य तुमच्या कानावरून गेलेलं असणार. काहींना तेवढंही सांगत नाहीत. वीस ठिकाणी सह्या होतात, मोबाईलवर आलेले ओटीपी वाचून दाखवले जातात आणि चार-पाच वर्षांनी कर्ज फेडताना स्टेटमेंटमध्ये एक ओळ दिसते: इन्शुरन्स प्रीमियम, अमुक हजार.

मग घरात शोधाशोध सुरू होते. पॉलिसी सापडत नाही, कर्जाची फाईल घर बदलताना कुठे गेली कोणालाच आठवत नाही, बँकेत विचारलं तर "विमा कंपनीला विचारा" आणि कंपनीला विचारलं तर "पॉलिसी नंबर सांगा". बहुतेक लोक इथेच नाद सोडतात. मी आधी माझ्या पर्सनल लोनसाठी आणि मग सासऱ्यांच्या गृहकर्जासाठी ही टोलवाटोलवी पार केली. कागद तुमच्याकडे नसले तरी ते बँकेच्या आणि विमा कंपनीच्या संगणकात असतात. ते बाहेर काढायला फार थोडी माहिती लागते. फक्त ती योग्य क्रमाने गोळा करावी लागते.

इंटरनेटवर ब्रिटनमधल्या अशाच विम्याबद्दल खूप माहिती दिसते. तिथे बँकांनी कर्जदारांना ३८ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम परत केली, पण तिथली दाव्याची मुदत २९ ऑगस्ट २०१९ रोजी संपली आणि ती व्यवस्था भारतातल्या कर्जांना कधीच लागू नव्हती. आपल्याकडे सरसकट परतावा देणारी योजना नाही. प्रत्येकाने आपापलं प्रकरण लढवायचं असतं. पुढचं सगळं भारतातल्या कर्जांबद्दल आहे.

१. आधी थांबा: विमा खरंच नको आहे का?

कर्ज अजून चालू असेल, घरात कमावणारी एकच व्यक्ती असेल आणि तिचा दुसरा टर्म इन्शुरन्स नसेल, तर रागाच्या भरात हा विमा रद्द करू नका. महाग असला तरी आज तोच एक आधार असू शकतो. विशेषतः मधल्या काळात मधुमेह किंवा हृदयविकार निघाला असेल तर नवीन विमा मिळणं अवघड जातं. आधी दुसरी सोय करा, मग याचं बघा.

याच्या उलटही होतं. कर्जदार वारलेला असतो आणि घरचे निमूटपणे हप्ते भरत राहतात, कारण विमा होता हेच कोणाला माहीत नसतं. तुमच्या घरात असं झालं असेल तर परताव्याच्या मागे लागू नका. खालच्या पायऱ्यांनी पॉलिसी शोधा आणि थेट मृत्यू दावा दाखल करा. ती रक्कम प्रीमियमच्या कितीतरी पट असते.

२. तुमचा दावा कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवा

इथे गल्लत झाली की पुढचा सगळा पत्रव्यवहार भलत्याच दिशेने जातो. दावे तीन प्रकारचे असतात.

पहिला, फ्री लुक. पॉलिसी हातात पडल्यापासून ठरावीक दिवसांत ती नको म्हणून परत करता येते. पूर्वी ही मुदत साधारण १५ दिवसांची होती, विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनंतर ३० दिवसांची झाली. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीची रक्कम कापून बाकी पैसे परत मिळतात. मुदत पॉलिसी मिळाल्यापासून मोजतात, कर्ज मिळाल्यापासून नव्हे. तुम्हाला पॉलिसी कधी मिळालीच नसेल तर कंपनीला विचारा: कधी, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या ईमेलवर पाठवली, पुरावा द्या. एवढ्या एका मुद्द्यावर हमखास जिंकाल असं नाही, पण समोरच्याला उत्तर देणं भाग पडतं.

दुसरा, कर्ज मुदतीआधी फेडल्यावरचा परतावा. यात फसवणूक झाली हे सिद्ध करण्याची गरजच नसते. कर्जाबरोबरचा विमा बहुतेक वेळा एकरकमी प्रीमियमचा असतो. वीस वर्षांचे पैसे पहिल्याच दिवशी घेतलेले असतात. तुम्ही आठव्या वर्षी कर्ज फेडलंत किंवा दुसऱ्या बँकेत नेलंत तर उरलेल्या बारा वर्षांच्या विम्यापोटी सरेंडरची रक्कम (विमा मध्येच सोडल्यावर परत मिळणारा भाग) मागता येते, किंवा विमा तसाच पुढे चालू ठेवता येतो. माझ्या मते सर्वांत जास्त पैसे इथेच पडून असतात. कर्ज बंद करताना बँक एनओसी देते, पण "तुमच्या विम्याचे पैसे उरलेत" असं आपण होऊन सांगणारा अधिकारी मला तरी भेटलेला नाही.

तिसरा, चुकीच्या पद्धतीने विकल्याचा दावा. विमा सक्तीचा आहे असं खोटं सांगितलं, संमती घेतली नाही, किंवा तुम्हाला लागूच न होणारा विमा दिला. इथे पूर्ण प्रीमियम आणि त्यावरचं व्याज मागायचं असतं. मेहनत सर्वांत जास्त आणि निकाल सर्वांत अनिश्चित.

कर्ज आधीच फिटलेलं असेल तर दुसऱ्या प्रकाराची रक्कम आधी पदरात पाडून घ्या. मात्र ती घेताना "पूर्ण व अंतिम समझोता" अशा मजकुरावर सही करायला सांगितली, तर तिसऱ्या प्रकाराचा हक्क राखून ठेवत आहे असं हाताने लिहा आणि मगच सही करा.

एक भेद लक्षात ठेवा. गृहकर्जात घराचा आगीपासूनचा विमा मागणं किंवा वाहनकर्जात गाडीचा विमा मागणं चूक नाही. वाहनाचा थर्ड पार्टी विमा तर कायद्यानेच सक्तीचा आहे. पण तो कोणत्या कंपनीकडून घ्यायचा हे तुम्ही ठरवायचं. कर्जदाराच्या आयुष्याचा, आजारपणाचा किंवा अपघाताचा विमा मात्र पूर्णपणे तुमच्या मर्जीवर आहे. विमा घेणं ऐच्छिक आहे आणि बँकेच्या सेवेशी त्याची थेट किंवा आडून सांगड घालायची नाही, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेलं आहे.

३. एक वजाबाकी करा

कागद नसताना विमा होता की नाही हे कसं कळणार? मंजूर रकमेतून खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम वजा करा.

समजा पाच लाखांचं पर्सनल लोन मंजूर झालं आणि खात्यात ४,७०,२०० रुपये आले. फरक २९,८०० चा. प्रोसेसिंग फी दोन टक्के म्हणजे १०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,८००, एकूण ११,८००. उरले १८,०००. हे कशाचे, याचं उत्तर बँकेने द्यायचं आहे आणि बहुतेक वेळा ते उत्तर विमा असंच निघतं.

हे १८,००० तुम्ही खिशातून दिलेले नाहीत, ते कर्जात मिसळलेले आहेत. १४ टक्के दराने पाच वर्षांत त्यांचा हप्त्यातला वाटा दरमहा सुमारे ४१९ रुपये होतो, म्हणजे एकूण साधारण २५,१००. गृहकर्जात तर डोळे पांढरे होतात. १,२०,००० चा प्रीमियम साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांच्या कर्जात घातला की फेडेपर्यंत जवळपास अडीच लाख जातात. म्हणून मागणी लिहिताना फक्त प्रीमियमचा आकडा लिहू नका.

गृहकर्जात आणखी एक प्रकार असतो. विम्याचा प्रीमियम मुख्य कर्जात न घालता त्याच तारखेला वेगळं छोटं कर्ज खातं उघडतात. सासऱ्यांच्या बाबतीत हेच झालं होतं. त्यांना वाटायचं, दोन हप्ते म्हणजे बँकेने सोयीसाठी केलेली विभागणी.

४. कागद कुठून कुठून निघतात

सगळे उपाय एकदम करू नका. वरून खाली जा. कर्ज खाते क्रमांक, तारीख आणि विमा कंपनीचं नाव मिळालं की थांबा.

क्रेडिट रिपोर्ट. कर्जाचं काहीही आठवत नसेल तर सुरुवात इथून. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. त्यात कर्ज देणाऱ्याचं नाव, खाते क्रमांक, कर्ज उघडल्याची आणि बंद झाल्याची तारीख, मंजूर रक्कम असं सगळं असतं. एकात खाते क्रमांक अर्धवट दिसला तर दुसऱ्यात पाहा. त्याच तारखेचं दुसरं छोटं कर्ज दिसतं का, हेही इथेच कळतं. पैसे भरून घ्यायच्या योजना पुढे येतात, त्या बंद करा, फुकटचं बटण खाली कुठेतरी बारीक अक्षरात असतं.

जुने ईमेल आणि एसएमएस. "सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स", "वेलकम किट", "मास्टर पॉलिसी", "सीओआय" हे शब्द इंग्रजीत टाकून शोधा. कर्ज मंजूर झाल्याच्या आगेमागे दोन महिने ठेवा. स्पॅम आणि प्रमोशनचे कप्पेही बघा. कर्जाबरोबरचा विमा साधारणपणे समूह विमा असतो. मूळ पॉलिसी (मास्टर पॉलिसी) बँकेच्या नावावर असते आणि कर्जदाराला मिळतं ते फक्त सर्टिफिकेट. त्यामुळे "पॉलिसी" शोधून सापडली नाही तरी "सर्टिफिकेट" सापडू शकतं.

बँकेचं पासबुक किंवा स्टेटमेंट. प्रीमियम कधी कधी कर्जातून न कापता बचत खात्यातून कापतात. तसं असेल तर नोंदीच्या तपशिलात विमा कंपनीचं नाव असतं.

कर्जाचं स्टेटमेंट ऑफ अकाउंट. सर्वांत कामाचा कागद. शाखेत जाऊन मागाल तर चालू वर्षाचं व्याजाचं सर्टिफिकेट हातात ठेवतात. ते नको. "पहिल्या डिस्बर्समेंटपासून (कर्जाचे पैसे दिल्यापासून) शेवटपर्यंतचं पूर्ण एसओए", म्हणजे स्टेटमेंट ऑफ अकाउंट, असं लेखी मागा. पहिल्या चार-पाच ओळींत सगळं असतं. विमा तिथे विमा म्हणून लिहिलेला असेलच असं नाही. "क्रेडिट शील्ड", "थर्ड पार्टी चार्जेस", "अदर चार्जेस" अशी नावं दिसतात. मला दिसली ती ओळ "मिस चार्जेस" होती, आणि रक्कम शेवटच्या पैशापर्यंत प्रीमियमशी जुळत होती.

मंजुरीपत्र, करारनामा आणि विम्याचा नोंदणी अर्ज. करारनाम्याची आणि त्यात उल्लेख असलेल्या सर्व जोडपत्रांची प्रत कर्जदाराला द्यावी, हे रिझर्व्ह बँकेच्या फेअर प्रॅक्टिसेस कोडमध्येच आहे. म्हणून हे उपकार म्हणून मागायचं नाही. १ ऑक्टोबर २०२४ नंतरचं किरकोळ कर्ज असेल तर की फॅक्ट्स स्टेटमेंटही मागा. त्यात तिसऱ्या पक्षासाठी वसूल केलेले शुल्क, विम्यासह, दाखवावं लागतं.

माहितीचा अधिकार. राष्ट्रीयीकृत बँक, एलआयसी किंवा सरकारी साधारण विमा कंपनी असेल तर शाखेच्या खेपा थांबवा आणि १० रुपये फी भरून ऑनलाईन अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न छोटे आणि कागदावर बोट ठेवणारे हवेत: माझ्या कर्ज खात्यातून विमा प्रीमियमपोटी वळती केलेली रक्कम, तारीख आणि कंपनीचं नाव द्यावं, माझ्या सहीच्या विमा संमतीपत्राची प्रत द्यावी, मास्टर पॉलिसीचा क्रमांक द्यावा. "सक्ती का केली?" असा प्रश्न टाकू नका, त्याला "ही माहिती या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर येतं. खासगी बँका आणि वित्त कंपन्यांना मात्र हा कायदा थेट लागू नाही.

घराचे कागद. महाराष्ट्रात गृहकर्जासाठी मूळ दस्त बँकेकडे ठेवले की त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन दुय्यम निबंधकाकडे दाखल होते. त्यात बँकेचं नाव आणि कर्जाची रक्कम असते. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर ती शोधता येते. फार जुन्या, नाव विसरलेल्या कर्जासाठी हा उपाय चांगला.

बँकांनी किती वर्षं नोंदी ठेवायच्या? मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली व्यवहाराच्या नोंदी पाच वर्षं आणि ओळखीच्या नोंदी खाते बंद झाल्यावर पाच वर्षं ठेवाव्याच लागतात. त्यापलीकडेही नोंदी असतात, फक्त काउंटरवरचा माणूस "सिस्टीममध्ये दिसत नाही" म्हणतो. हे उत्तर लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळदा सिस्टीममध्ये दिसायला लागतं.

५. बँकच राहिली नसेल तर

कर्ज देणारी संस्था आज त्या नावाने नसेल, तर तिची देणीघेणी कोणाकडे गेली ते पाहा. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदात आहेत. आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक १ एप्रिल २०२० पासून युनियन बँकेत, सिंडिकेट बँक कॅनरात. एचडीएफसी लिमिटेडची गृहकर्जं १ जुलै २०२३ पासून एचडीएफसी बँकेकडे आहेत. डीएचएफएल पिरामलकडे गेली. विमा कंपन्यांचंही असंच असतं, एक्साइड लाईफ आता एचडीएफसी लाईफमध्ये आहे. विलीनीकरणात खाते क्रमांक बदलतात, म्हणून पत्रात जुना आणि नवा दोन्ही लिहा.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेचा संबंध येत नाही. तिथे तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे जाते.

६. पॉलिसी नंबर नसताना विमा कंपनीकडून सर्टिफिकेट मिळवणं

कॉल सेंटरवर वेळ घालवू नका. तिथे पॉलिसी नंबरशिवाय पुढचा पडदाच उघडत नाही. कंपनीच्या वेबसाईटवर ग्रीव्हन्स रिड्रेसल ऑफिसरचा (तक्रार निवारण अधिकाऱ्याचा) ईमेल दिलेला असतो, त्यावर लिहा. पूर्ण नाव, जन्मतारीख, पॅन, कर्जाच्या वेळचा मोबाईल क्रमांक, कर्ज खाते क्रमांक आणि बँकेचं नाव द्या. समूह विम्यात सभासद कर्ज खाते क्रमांकावरून सापडतो.

सर्टिफिकेटची दुसरी प्रत मागितल्यावर काही ठिकाणी स्टॅम्प पेपरवर इंडेम्निटी बाँड (पुढे नुकसान झालं तर भरून देण्याची लेखी हमी) करून द्या म्हणतात. घाई करू नका. आधी विचारा की प्रत न देता फक्त ईमेलवर पीडीएफ पाठवता येईल का. बहुतेक वेळा येतं, आणि पाचशे रुपयांचा स्टॅम्प वाचतो.

याच निरोपात आणखी चार गोष्टी मागा: नोंदणी अर्ज व आरोग्य घोषणापत्राची प्रत, संमतीची नोंद (सही, ओटीपी किंवा कॉल रेकॉर्डिंग), सर्टिफिकेट पाठवल्याचा पुरावा, आणि आजच्या तारखेला सरेंडरची रक्कम किती व ती कोणत्या सूत्राने काढली.

आता आलेले कागद भिंगातून बघा. तिसऱ्या प्रकाराच्या दाव्याचा सगळा पुरावा यातच दडलेला असतो:

- ईमेल आयडी तुमचाच आहे का? एजंटने आपला किंवा भलताच आयडी घातलेला असतो. तुम्हाला सर्टिफिकेट का मिळालं नाही याचं उत्तर तिथेच मिळतं.
- आरोग्याच्या सगळ्या प्रश्नांना सरसकट "नाही" आहे आणि तुम्हाला तेव्हाच रक्तदाबाची गोळी चालू होती? मग हा विमा दाव्याच्या वेळी नाकारला गेला असता, हे ठासून लिहा.
- स्वतःचा धंदा असताना नोकरी गेल्यावर मिळणारं संरक्षण विकलंय का?
- वारसदाराचं नाव बरोबर आहे का? सासऱ्यांच्या अर्जात वारसदार म्हणून माझ्या नणंदेचं नाव होतं आणि नात्याच्या रकान्यात "पत्नी".
- सही तुमचीच आहे का, आणि अर्जाची तारीख मंजुरीच्या आधीची आहे की नंतरची?
- कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं असेल तर दोन्हीकडे विमा चालू तर नाही? असं सर्रास होतं.

७. तक्रारीचं पत्र

पत्र एकच लिहा आणि बँक व विमा कंपनी दोघांनाही एकाच ईमेलमध्ये पाठवा. दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात, ते एकमेकांदेखतच दाखवू देत. शाखेला मराठीत दिलं तरी चालतं, पण कंपनीचा तक्रार विभाग कुठल्या शहरात बसलाय कोण जाणे, तिथे साध्या इंग्रजीतलं पत्र लवकर हलतं. मजकूर साधारण असा ठेवा:

"माझे कर्ज खाते क्र. ___, मंजुरी दि. ___, रक्कम ___. या खात्यातून दि. ___ रोजी विमा प्रीमियमपोटी रु. ___ वळते केल्याचे खाते उताऱ्यात दिसते (प्रत जोडली आहे). हा विमा ऐच्छिक असल्याचे मला सांगण्यात आले नाही. विम्याचे सर्टिफिकेट मला मिळालेले नाही. नोंदणी अर्जात पुढील माहिती चुकीची आहे: ___. तरी (अ) संपूर्ण प्रीमियम परत करावा. (ब) बँकेने या रकमेवर आकारलेले व्याज हिशेबासह परत करावे. (क) मागणी अमान्य असल्यास कारण, तसेच नियमानुसार देय सरेंडर रक्कम लेखी कळवावी. ही माझी औपचारिक तक्रार समजून तक्रार क्रमांक द्यावा."

(क) गाळू नका. मुख्य मागणी फेटाळली तरी सरेंडरचा आकडा लेखी हातात येतो, आणि फेटाळल्याचं पत्रच पुढच्या पायरीचं तिकीट असतं.

पत्रात रागाचे शब्द, "लुटारू", "कोर्टात खेचीन" वगैरे टाळा. पुढे हेच पत्र विमा लोकपालासमोर, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, वाचलं जातं. जे आठवत नाही ते रंगवून लिहू नका. "अधिकाऱ्याचे नाव आठवत नाही" असं सरळ लिहिलेलं चालतं. खोटं नाव उघडं पडलं की बाकीचं खरंही कोणी मानत नाही.

शाखेत हाताने दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर वाद न घालता पोस्टात जा आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा.

८. उत्तर आलं नाही किंवा नकार आला

विमा कंपनीने तक्रार दोन आठवड्यांत निकाली काढायची असते. तसं झालं नाही तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवा, किंवा १५५२५५ या क्रमांकावर फोन करा. नियामक स्वतः निवाडा देत नाही, तो कंपनीकडून उत्तर काढून घेतो. पण तेवढ्याने कितीतरी प्रकरणं सुटतात, कारण इथे तक्रार कोणत्या दिवशी बंद झाली याची नोंद राहते.

त्यानंतर विमा लोकपाल. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही, तर इथे जाता येतं. अर्ज फुकट, वकील लागत नाही आणि चालतही नाही. ५० लाखांपर्यंतचे दावे घेतले जातात. प्रीमियम घेऊन पॉलिसी न देणं आणि अटींबद्दल चुकीची माहिती देणं, ही दोन्ही कारणं त्यांच्या कक्षेत येतात. प्रत्येक कार्यालयाचा भाग ठरलेला असतो. तुमचा जिल्हा कोणाकडे येतो ते लोकपाल परिषदेच्या वेबसाईटवर तपासा. तक्रार ऑनलाईन करता येते. नंतर ते एक संमतीचा अर्ज पाठवतात, तो सही करून परत पाठवायचा असतो. तो राहिला म्हणून प्रकरणं तशीच पडून राहतात. सुनावणी बऱ्याचदा व्हिडिओ कॉलवर होते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही तर पुढचा मार्ग मोकळा राहतो.

मुदत सांभाळा: कंपनीच्या नकारानंतर एक वर्ष. जुन्या कर्जावर तुम्ही कधीच तक्रार केली नसेल तर आधी सातव्या पायरीतली रीतसर तक्रार करा, म्हणजे वर्ष मोजायला ठोस तारीख मिळते. आणि प्रकरण ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही, म्हणून आधी लोकपाल, मग आयोग.

बँकेच्या वागण्याविरुद्धची तक्रार (कागद देत नाही, संमतीशिवाय रक्कम कापली, व्याज परत करत नाही) वेगळी काढा आणि बँकेला ३० दिवस देऊन रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर टाका. चौकशीसाठी १४४४८. विम्याचे सगळे मुद्दे इथेच कोंबलेत तर "आमच्या कक्षेबाहेर" म्हणून बंद होते.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दाखल करता येतं, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतं. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. उशीर झाला असेल तर माफीचा अर्ज जोडावा लागतो. विम्याची माहिती तुम्हाला कोणत्या तारखेला आणि कोणत्या कागदावरून प्रथम कळली, हे त्यात पुराव्यानिशी लिहा. काही हजारांच्या सरेंडरसाठी मी इथवर जाणार नाही. गृहकर्जाच्या लाखभर प्रीमियमसाठी जाईन. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५.

९. यात हात धुऊन घेणारे

विमा परतावा मागायला लागलात की फोन सुरू होतात. "विमा लोकपाल कार्यालयातून बोलतोय, तुमचे दोन लाख मंजूर झालेत, जीएसटीचे आठ हजार भरा." नियामक किंवा लोकपाल असे फोन करत नाहीत आणि परतावा देण्यासाठी आधी पैसे भरायला लावत नाहीत. एक नवी पॉलिसी घेतली की जुनीचे पैसे सुटतील, असं सांगणारा तर आणखी एक विमा गळ्यात मारायला आलेला असतो. मिळालेल्या रकमेतला टक्का मागणारे सल्लागारही असतात. ते भरतात तेच अर्ज तुम्ही भरू शकता.

ओटीपी कोणालाही सांगू नका, हे नव्याने सांगायला नको. पण "सरेंडर कन्फर्म करायला" म्हणून आलेला ओटीपी पॉलिसी नव्याने चालू ठेवण्याच्या संमतीचाही असू शकतो. एसएमएसचा मजकूर पूर्ण वाचा.

जवळ ठेवायचे कागद

पॅन आणि पत्त्याचा पुरावा, क्रेडिट रिपोर्ट, पूर्ण एसओए, कर्ज बंद झालं असेल तर एनओसी किंवा क्लोजर लेटर, तुमच्या नावाचा रद्द केलेला चेक, कर्जाच्या वेळचा मोबाईल क्रमांक बदलला असेल तर तो तुमचाच होता हे दाखवणारं जुनं बिल, आणि पाठवलेल्या प्रत्येक पत्राची पोच. कर्जदार हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद. सगळं स्कॅन करून एकाच फोल्डरमध्ये तारखेच्या क्रमाने ठेवा, लोकपालाच्या पोर्टलवर तसंच चढवायला सोपं जातं.

१०. पैसे आले का ते तपासा

समूह विम्यात पॉलिसीधारक बँक असल्यामुळे सरेंडरची रक्कम कधी कधी तुमच्या खात्यात न येता बँकेच्या कर्ज खात्यात जाते. कर्ज चालू असेल तर ती मुद्दलात वळती झाली का, आणि हप्ता किंवा मुदत कमी झाली का, याचा नवा तक्ता मागा. कर्ज बंद झालेलं असेल तर ती रक्कम बंद खात्यात अडकून पडते आणि कंपनी "आम्ही दिले" म्हणते. कंपनीकडून यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक) घ्या आणि तो लिहून बँकेकडे जमा रकमेची मागणी करा.

फार पूर्वीचं प्रकरण असेल तर कंपनीच्या वेबसाईटवर दावा न केलेल्या रकमांचा शोधही घ्या. नाव, पॅन आणि जन्मतारीख टाकून पाहता येतं. दहा वर्षांहून जास्त काळ पडून राहिलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते, पण ती तिथे गेल्यावरही कंपनीमार्फत मागता येते. आई-वडिलांच्या नावानेही एकदा शोधून पाहा, त्यांच्या कर्जाच्या फायली आपल्या फायलींपेक्षा जुन्या असतात.